कोपराखाली चार बोटं

सोमवार, २ मे १९९४

आज आलं ते असं:
आधाराच्या दांड्या, दोन — ५४ डॉलर.
हातात धरायचा शॉवर, लांब नळीचा — ३८.
सिमेंट, दोन पिशव्या — १९.
टाइलवर द्यायचा पांढरा रंग, एक डबा — ४१.
पडदा, दांडीसकट — १६.
मोरीची जाळी — ६.
प्लॅस्टिकचं स्टूल, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून — ३. (एक पाय मळका. घासला.)
फरशी, अकरा खोकी — फुकट! वाइनरीच्या तळघराची उरलेली, करड्या रंगाची, हाताला खरखरीत लागते. हार्टविगने ट्रकमधून आणून टाकली. बदल्यात श्ट्रॉयझलकेकचे (वर गोड चुऱ्याचा थर) दोन मोठे साचे कबूल केलेत.

प्लंबरचे १२० वेगळे. एकूण २९७. काकडीच्या लोणच्याच्या डब्यात ४०० होते — तीन उन्हाळ्यांची बरणीबरणीची विक्री. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला समुद्रावर जायचं म्हणून ठेवले होते. समुद्र कुठे पळून जात नाही.

तारखा लिहून ठेवते, म्हणजे डोळ्यांसमोर राहतील. बुधवार १८ — इस्पितळाच्या मिस पेनरोज बाथरूम तपासायला येणार. पास झालं तर सासूबाई घरी. नापास झालं तर शुक्रवारी २० तारखेला नणंद लॉरेल येऊन त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार. जागा तिने धरूनच ठेवली आहे.

सोळा दिवस. प्रभू, हात दे.

मंगळवार, ३ मे

गुलाबी टब निघाला! माझा नवरा एर्विन, हार्टविग आणि प्लंबर — तीन पुरुष आणि तीन भाषांतल्या शिव्या. (दोन आमच्याच, जर्मन आणि इंग्रजी. प्लंबर आयरिश वळणाचा. त्याच्या मला कळल्या नाहीत, देवाचे आभार.) १९५८ साली हा टब घोडागाडीतून आला होता असं सासूबाई सांगायच्या. याच टबाचा काठ ओलांडताना फेब्रुवारीत त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता तो अंगणात लिंबाखाली पडला आहे, उलटा मेलेल्या डुकरासारखा.

हार्टविग वाइनरीत तीस वर्षं तळघर सांभाळतो. जाताना एर्विनला म्हणाला, फरशी बसवण्याआधी पाण्याला विचार, तुला कुठे जायचंय. एर्विन म्हणाला, मी पाणसळीला विचारतो, ती खोटं बोलत नाही.

त्याच्या आजोबांची पाणसळ आहे ती, पितळेची, बुडबुड्याची. एर्विनने सुतारकी सुरू केली तेव्हा चर्चमधली बाकं तिच्यावरच केली. पस्तीस वर्षांत एक बाक डुगडुगलेलं नाही.

संध्याकाळी लॉरेलचा फोन. म्हणाली, "मेल्वा, माझ्या बाथरूमच्या नुसत्या नळाला तुझ्या सगळ्या बाथरूमपेक्षा जास्त पैसे लागलेत. आईशी खेळ मांडू नकोस." मी म्हटलं, लोणचं पाठवू का? तिने फोन ठेवला.

गुरुवार, ५ मे

इस्पितळात गेले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून. गेले दोन आठवडे कोणाशी बोलत नाहीत, नर्स सांगते. खायला नेलेलं बीटरूट तसंच राहिलं.

मी लोकरीचा धागा नेला होता. नर्सने त्यांना वॉकर धरून उभं केलं. जमिनीपासून कोपरापर्यंत धागा धरला, गाठ मारली. मग चार बोटं खाली दुसरी गाठ. एर्विन म्हणतो दांडी नेहमीच्या मापाने लावू. पण नेहमीचं माप कोणाचं? त्याचं! सहा फुटी माणसाचं!

गाठ मारत होते तेव्हा वरून आवाज आला — "अजून खाली घे. मी आता आखूड झालेय."

दोन आठवड्यांतले पहिले शब्द! गाठ सोडून खाली मारली. मग त्याच म्हणाल्या, लॉरेलने धरलेल्या त्या वृद्धाश्रमातून चर्चची घंटा ऐकू येत नाही. ऐंशी वर्षं ऐकल्यावर ती बंद झाली तर माणसाला वार कळत नाही. एवढंच बोलून परत भिंतीकडे वळल्या.

धागा पर्समध्ये आहे, बायबलच्या पानांत.

शनिवार, ७ मे

फरशी बसली! सकाळी सहापासून एर्विन गुडघ्यांवर. मी सिमेंट कालवून देत होते. प्रत्येक फरशीवर पाणसळ — बुडबुडा मधोमध, मग पुढची. शेवटी त्याने खिशातून काचेची गोटी काढून खोलीच्या मधोमध ठेवली. जागची हलली नाही! त्याने गोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एवढा देखणा मी त्याला लग्नानंतर फारसा पाहिला नाही.

उद्या मातृदिन. बागेतली शरदाची शेवंती तोडून पाण्यात ठेवली, कोटाला लावायला.

रविवार, ८ मे

कुठून सुरू करू.

चर्चला निघण्याआधी मला राहवलं नाही. शॉवरच्या कोपऱ्यात एक तांब्या पाणी ओतलं — नुसतं बघायला. पाणी थोडं थांबलं. विचार केल्यासारखं. मग सगळीकडे पसरलं. जाळीकडे थोडं गेलं आणि बाकीचं दारातून बाहेर, घरातल्या बोळातून थेट चादरींच्या कपाटाखाली!

एर्विन टाय बांधत आला. पाण्याकडे बघत उभा राहिला. पस्तीस वर्षं सगळं समपातळीत करणारा माणूस — त्याच्या हाताला उतार माहीतच नाही. बाकाला उतार नसतो. मलाही सुचलं नाही, ते खरं. गोटी हलली नाही म्हणून मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

आज फरशी हाताने निघेल. उद्यापर्यंत सिमेंट दगड होईल, मग छिन्नीने फोडावी लागेल. दुसरी फरशी नाही, दुसरे पैसे नाहीत. मग अठरा तारीख हातची गेली.

मी म्हटलं, आत्ता काढू या. एर्विन म्हणाला, "बाबांनी रविवारी सगळं गवत पावसात भिजू दिलं होतं. मी आज थापी धरणार नाही." आणि टाय नीट केला. मला राग आला नाही. मीही रविवारी सुईसुद्धा हातात घेतलेली नाही कधी.

चर्चमध्ये काय ऐकलं आठवत नाही. उपासनेनंतर दारात पाळकसाहेबांनी हात हातात घेतला आणि सासूबाईंची चौकशी केली. मी सगळं सांगून टाकलं — तांब्या, बोळ, कपाट, सगळं. मागे महिला मंडळ उभं होतं, सगळ्यांच्या कोटाला शेवंतीची फुलं. हार्टविगही होता. तो एवढंच म्हणाला, तळघरात ढाळ नसता तर आम्ही गुडघाभर वाइनमध्ये काम केलं असतं.

पाळकसाहेबांनी एर्विनकडे पाहिलं. "बैल शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडला तर प्रभूने काय सांगितलंय, एर्विन?"

एर्विन म्हणाला, बाहेर काढायचा.

"मग ही तर तुझी आई आहे."

एर्विनने टाय सोडला.

अकरा बायका आल्या! चर्चच्या स्वयंपाकघरातली सगळी उलथणी, केकच्या सुऱ्या, पिठाच्या खरवडण्या घेऊन! चांगले झगे वर खोचून, फुलं कोटावर तशीच, सगळ्या गुडघ्यांवर. एडना शुल्ट्झ सत्तर वर्षांची — ती बसल्या बसल्या नळीने फरश्या धूत होती आणि सांगत होती, मातृदिनाला मुलाने हॉटेलात न्यायचं ठरवलं होतं, त्यापेक्षा हे बरं, तिथलं सूप पाणचट असतं. पाळकसाहेब बाही वर करून बादल्या वाहत होते. एर्विन एका कोपऱ्यात एकेक फरशी अंडं उचलावं तशी उचलत होता.

चार वाजेपर्यंत सगळ्या फरश्या निघाल्या. फुटल्या फक्त तीन; कडेला तुकडे चालतील.

मग सगळ्यांनी बोळात बसून श्ट्रॉयझलकेक खाल्ला — हार्टविगसाठी केलेला. हार्टविगने तक्रार केली नाही, पण मोजून खाल्ला.

सोमवार, ९ मे

लवकर सुकणारं सिमेंट — २८. दारापासून जाळीपर्यंत दोन मीटर चाळीस. साठाला एक असा ढाळ धरला तर चार सेंटीमीटर. मॅट्रिकच्या भूमितीचा आज पहिल्यांदा पैसा वसूल! एर्विनने पाणसळीच्या एका टोकाखाली लाकडाची पाचर बांधली — बुडबुडा मधोमध आला की ढाळ बरोबर. आजोबांच्या पाणसळीला पाचर! त्याने ते करताना डोळे बारीक केले होते, दात उपटून घेताना करतात तसे.

मंगळवार, १० मे

सुकतंय. कोणाला आत जाऊ देत नाही. मांजरालाही नाही.

गुरुवार, १२ मे

स्वर्गारोहणाचा दिवस. सकाळी उपासना, दुपारी फरशी — पुन्हा. एर्विनने खिशातून गोटी काढली. दारात सोडली. गोटी सरळ जाळीकडे गेली आणि टक्क करून थांबली.

त्याने उचलून परत दारात सोडली. सहा वेळा! सातव्यांदा मी सोडली.

शनिवार, १४ मे

सांधे भरले — १४. भिंतीच्या हिरव्या टाइलवर पांढरा रंग, दोन हात. टाइल फोडून काढायच्या नव्हत्या. मागे कसला पत्रा आहे कोण जाणे, प्लंबर म्हणाला हात लावू नका, त्याची धूळ छातीत जाते. रंगाने झाकलं ते झाकलं! एका रांगेतल्या हिरव्या टाइल तशाच ठेवल्या, डोळ्यांच्या उंचीवर. सासूबाईंनी १९५८ साली स्वतः निवडल्या होत्या. सगळंच पुसलं तर त्यांना वाटेल दुसऱ्याच्या घरात आलो.

दांड्या धाग्याच्या दुसऱ्या गाठीवर लावल्या. स्क्रू — ४. एर्विनला कमरेत वाकावं लागतं. वाकू दे.

एकूण ३४३. डब्यात बाकी ५७.

बुधवार, १८ मे

मिस पेनरोज साडेदहाला आल्या. केस आखूड, बूट मोठे. बादलीभर पाणी मागितलं. मी दिलं. एर्विन बोळात कपाटाला टेकून उभा — जणू पाणी आलंच तर तो अडवणार.

ओतलं. पाणी शाळेतल्या पोरांसारखं ओळीने जाळीकडे गेलं! बोळात थेंब नाही!

मग त्यांनी बूट ओला करून फरशीवर घासला. घसरत नाही. कशी घसरेल, अशाच फरशीवर माणसं वाइनच्या राड्यात चाललीत. स्टूलवर बसल्या, शॉवर हातात घेतला, उठल्या. मग दांडीजवळ थांबल्या. म्हणाल्या, ही नेहमीपेक्षा खाली आहे, कोणी ठरवलं?

मी पर्समधून धागा काढला. गाठी दाखवल्या. त्यांनी धागा दांडीला लावून पाहिला. किती खर्च आला विचारलं. सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग सही केली, आणि म्हणाल्या, धागा मला देता का? इतरांना दाखवायला.

दिला नाही. तसाच दुसरा करून दिला.

लॉरेलला फोन केला. ती नुसतं "बरं" म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल. जिंकल्याचं थोडं वाटलं — ते पाप म्हणून लिहून ठेवते.

शनिवार, २१ मे

आल्या!

वॉकर टेकत थेट बाथरूमच्या दारात. बराच वेळ बघत होत्या. हिरव्या रांगेवर हात फिरवला. मग — टब कुठाय? मी खिडकीतून दाखवला. आता तो सरळ केलाय आणि त्यात उशिराच्या काकड्या मिठाच्या पाण्यात भिजत आहेत, वर बडीशेपेच्या काड्या.

"काकड्यांना टब आणि मला तळघर," म्हणाल्या. पण हसत होत्या.

दार बंद करून घेतलं. मला आत येऊ दिलं नाही! मी बोळात उभी राहून पाणी ऐकत होते. मग आतून हाक — इतकं पाणी वाया जातंय, बादली दे, लिंबाला घालता येईल. बादली दिली. दार परत बंद. आणि मग गाणं सुरू झालं. जर्मनमधलं, त्यांच्या आईचं, चर्चमध्ये आता कोणी म्हणत नाही ते. आवाज चिरका, पण सूर पक्का. एर्विन शेडमधून बाहेर आला आणि अंगणात तसाच उभा राहिला, हातात रंधा.

रविवार, २२ मे

पेंटेकॉस्टचा सण. चर्चच्या दारांना हिरव्या फांद्या. सासूबाई दुसऱ्या बाकावर. घंटा वाजली तेव्हा माझा हात दाबला. बाक डुगडुगलं नाही.

गुरुवार, २६ मे

लॉरेलचं पत्र आलं. पत्र! ती कधी लिहीत नाही. अक्षर वाकडं. आईला दाखवू नकोस म्हणते, म्हणून इथे थोडंच उतरवते. मार्चमध्ये ती स्वतः पडली, तिच्या त्या संगमरवरी बाथरूममध्ये. पहाटेपर्यंत उठता आलं नाही. उजवं मनगट मोडलं. कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून टबात उतरत नाही, बेसिनपाशी अंग पुसते. "आईला घरी ठेवलंत तर तिचंही असंच होईल, एवढंच मला दिसत होतं, मेल्वा. तुमची ती फरशी कुठे मिळाली?"

मी काय काय लिहिलंय तिच्याबद्दल या पानांत. देवा.

लगेच उत्तर लिहून टपालात टाकलं, तेच इथे लिहून ठेवते:

प्रिय लॉरेल, फरशी वाइनरीची, हार्टविग आणखी देईल. दोन साचे केक लागेल, तो मी करते. एर्विन येईल, पाणसळ आणि पाचर घेऊन. पैशांचं बोलू नकोस — डब्यात ५७ उरलेत आणि दोन दांड्यांना ५४ लागतात. सोबत लोकरीचा धागा पाठवते. जमिनीपासून कोपरापर्यंत धर, गाठ मार. उजव्या हाताला नाही जमलं तर शेजारणीला बोलव, पण मोजून घे. चार बोटं मी धरीन. तोवर टबाच्या जवळ जाऊ नकोस. धागा उलट टपाली पाठव. — मेल्वा