ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दाढी

संग्रामपूर,
मंगळवार, दुपारी जेवण झाल्यावर

प्रिय मित्र कय्यूम यास,

पुंजाजीचा सप्रेम जय भीम आणि सलाम, दोन्ही एकदमच घे. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरने शिलाई मशीनवर बसणं बंद केलं होतं, ते तू खरंच बंद केलंस की फक्त फातिमाभाभी घरात असल्यावर बंद असतं, ते सविस्तर कळव. भाभींना सलाम सांग. त्यांनी दिलेलं लोणचं संपलं (सहज कळवलं, त्यात हेतू काही नाही). इकडे सर्व ठीक. पंचफुला मजेत आहे, धम्मरत्न आणि सूनबाई आपापल्या नोकरीवर जातात, म्हैस दूध देते. माझंही ठीकच आहे असं लिहिणार होतो, पण मग पत्र लिहायला कारणच उरत नाही.

तू म्हणशील, खिशात मोबाइल असताना या माणसाने पोस्टाचं पाकीट कशाला आणलं? तर बाबा, तुझा डावा कान आपण शाळेत असतानाच गेला होता आणि उजव्याचंही आता काही खरं नाही. मागे मी तुला फोनवर तुझी मूळव्याध कशी आहे विचारलं, तर समोरचा किराणा दुकानदार रस्ता ओलांडून मला औषध सांगायला आला. आज सांगायची गोष्ट त्याहून नाजूक आहे. ती ओरडून सांगितली तर संग्रामपुरात मला तोंड लपवायला जागा उरणार नाही. म्हणून हे पत्र. आणि कृपा करून मोठ्याने वाचू नकोस. तुला ती सवय आहे. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता तू अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवतोस.

माझं दुखणं पहिल्यांदा तूच ओळखलंस, हे तुला आठवत असेल. धम्मरत्नच्या लग्नाची पॅन्ट शिवायला मी खामगावला आलो होतो, तू गळ्यातली टेप काढून माप घेतलंस आणि म्हणालास, "पुंजा, खिशात लिंबू ठेवलं काय बे?" मी हो म्हणालो. खिशात लिंबू नव्हतं. ते लिंबू म्हणजे हर्निया. पुढे त्याचं संत्रं झालं तरी मी कोणाला बोललो नाही, कारण ते निजलं की आत जायचं आणि उभं राहिलं की बाहेर यायचं, आपल्या गावच्या लाइटीसारखं. शेवटी ढेपेचं पोतं उचलताना अशी कळ आली की मी पोत्यासकट म्हशीपुढे बसलो. मग खामगावचा डॉक्टर झाला. तो म्हणाला, ऑपरेशन लहान आहे, पण टाळू नका. आतडं अडकून बसलं तर अकोल्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळायचा नाही. तारीख दिली. मी घाबरलो वगैरे नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

आता खरी गोष्ट. त्या दवाखान्यात सिस्टर कोण असावी? आपल्या शंकररावची सुवर्णा. आमच्याच गल्लीत फ्रॉक घालून लंगडी खेळलेली पोर. मला आबा म्हणते. ऑपरेशनच्या आधी काय खायचं, काय नाही, कोणती गोळी बंद करायची हे तिने फार छान समजावलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आबा, आता केसाचं सांगतो. तिथले केस..." बस. एवढं ऐकलं आणि माझे कान असे तापले की त्यावर पापड भाजला असता. "समजलं बाई, समजलं!" म्हणत मी उठलो आणि व्हरांड्यात जाऊन तहान नसताना पाणी पीत बसलो. ती मागून काहीतरी सांगतच होती. मी तिच्या वाक्याचा पुढचा भाग स्वतःच तयार केला: केस काढून या, नाहीतर इथे मी काढीन. कय्यूम, जिच्या बक्षिसाला मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या वाजवल्या, तिच्या हातून हे काम? त्यापेक्षा आतडं अडकलेलं बरं, असंच मला त्या वेळी वाटलं. घरूनच साफ होऊन जायचं ठरवलं.

शिवाय माझा हात. तालुक्यात कोणालाही विचार, म्हैस भादरावी तर पुंजाजीने. थंडी सरली की पाच-दहा गावांतून बोलावणी येतात. आधी कोमट पाणी मारायचं, केस मऊ होऊ द्यायचे, कातडं डाव्या हाताने ताणून धरायचं आणि वस्तरा केसाच्या कलाने चालवायचा. मारक्या म्हशीसुद्धा माझ्या हाताखाली डोळे मिटून रवंथ करतात, आजवर एकीलाही ओरखडा नाही. तेव्हा जो माणूस एवढी मोठी म्हैस भादरतो त्याला वीतभर जागेचं काय, असा माझा हिशेब. त्यात एक गोष्ट राहून गेली. म्हैस स्वतःची स्वतः भादरत नाही. तिला दुसरा माणूस उजेडात भादरतो, तिसरा धरून ठेवतो आणि तिला वाकून बघावं लागत नाही. मला तर पोटाच्या पलीकडचं काही वर्षांपासून दिसतच नाही.

तरी अक्कल लढवली. सूनबाईचा छोटा आरसा बादलीवर टेकवला, मोरीची कडी लावली आणि कामाला बसलो. आरशात सगळं उलटं दिसतं हे दाढी करताना कधी जाणवलं नव्हतं, इथे जाणवलं. हात डावीकडे न्यावा तर तो उजवीकडे जाई. वस्तऱ्याचं पातं नवं घालायचं राहिलं होतं (जुनं कुठे कुठे फिरलं होतं ते विचारू नकोस). कोमट पाण्याने शेकणं वगैरे म्हशीचे लाड झाले, स्वतःसाठी मी नळाचं गार पाणी आणि अंगाच्या साबणाचा चुरा घेतला. एवढ्यात दाराबाहेर पंचफुला: "काय करून राह्यले हो इतका वेळ? पडले-बिडले काय?" मी आतून ओरडलो, "दाढी करून राह्यलो!" आणि घाईला लागलो. केसाच्या कलाने जायचं सोडून उलटा हात मारला. तीन ठिकाणी कापलं, आरसा बादलीत पडला आणि मी जे ओरडलो ते आपल्या मास्तरांनी ऐकलं असतं तर मला पुन्हा सातवीत बसवलं असतं.

रक्त थांबावं म्हणून तुरटी लावली. कय्यूम, गालावरची तुरटी वेगळी आणि तिथली वेगळी, एवढंच लिहितो. आग शमेना म्हणून फळीवरचा घामोळ्याची थंड पावडर शिंपली. त्याने आग गेली नाही, फक्त गार आग झाली. शेवटी टॉवेल गुंडाळून, पाय फाकवून, चेहरा शांत ठेवून बाहेर आलो. पंचफुलाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट तसेच उभे होते. ती म्हणाली, "मंग दाढी कोनाची केली?"

सांगावं लागलं. मला वाटलं, आता ही रागावेल. ती आधी पदर तोंडात घालून हसली, भिंतीला धरून हसली, मग तिचे डोळे पुसता पुसता खरेच भरून आले. "इतक्या वर्साची बायको हाओ तुमची. मले सांगतलं असतं त कात्रीनं हळू कातरून देल्लं असतं. माह्यापाशी लाजता काऊन?" आपण पुरुष माणसं या जागेबद्दल शिव्या सोडून दुसरं काही बोलायला शिकलोच नाही. तुमच्यात निदान वयात आलेल्या पोराला घरचं मोठं माणूस समजावून सांगतं, वेळच्या वेळी स्वच्छता ठेवतात. एवढ्या वर्षांत तू मला पतंगाचा मांजा, बिर्याणीतला बटाटा आणि उसवलेली शिवण, सगळं शिकवलंस. हे एक तेवढं शिकवायचं राहिलं. दोष देत नाही, मीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खामगावची बस. मागच्या चाकावरची जागा रिकामी असून मी शेगावपर्यंत उभा आणि पुढे अर्धवट टेकलेला. रस्ता तुला माहीत आहे. कंडक्टर म्हणाला, "आबा, बसा ना, काऊन उभे राह्यले?" मी म्हणालो, हवा खातो. खिडकी बंद होती.

दवाखान्यात अंगावर हिरवा गाऊन घातला. आणि तयारी करायला कोण आलं म्हणतोस? सुवर्णा नव्हेच. एक दाढीवाला ब्रदर आला, हातात केस कापायचं मशीन घेऊन. बायकांची तयारी सिस्टर करते आणि पुरुषांची ब्रदर, असा तिथला रिवाजच आहे म्हणे. मी ज्यासाठी रक्त सांडलं ते संकट मुळात नव्हतंच. त्याने गाऊन वर केला, पाहिलं, मशीन बंद केलं आणि डॉक्टरला बोलावून आणलं. कापलेलं सुजलं होतं आणि मधे लाल पुळ्या उठल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, इथेच चिरा द्यायचा आहे. अशा चामडीवर दिला तर जंतू आत जातील. आज ऑपरेशन नाही. चामडी बरी करून या. सुवर्णा दाराआडून कळवळून म्हणाली, "आबा, मी तेच त सांगत होतो. घरी काहीच करू नका म्हनून."

डॉक्टर मात्र भला. हसला नाही. खुर्ची ओढून त्याने मला नीट समजावलं आणि मी पहिल्यांदाच खाली मान न घालता ऐकलं. तो म्हणाला, तिथले केस म्हणजे घाण नव्हे, ते चामडी राखायला असतात. रोज पाण्याने धुतलं आणि कोरडं ठेवलं की पुरे, काढलेच पाहिजेत असं नाही. ऑपरेशनच्या आधी तर घरी हातच लावायचा नाही. एरवी कोणाला कमी करायचेच असतील तर कातरून बारीक करावे, मशीनला जाळी लावावी आणि ते मशीन आपलं एकट्याचं असावं, बाप-लेकात एक नको. वस्तराच हवा असेल तर पातं कोरं, पाणी कोमट, फेस भरपूर, चामडी ताणलेली आणि हात केसाच्या कलाने, हलका. (कय्यूम, हा माणूस मला माझीच म्हैस सांगत होता!) नंतर तुरटी नाही, अत्तर नाही, पावडर नाही, सैल सुती कपडा घालायचा. केस घालवायचं मलम नाजूक भागावर लावायचं नाही. पुळीत केस वळून बसला तर नखाने उकरायचा नाही, आणि पुळी चिघळली किंवा ताप आला तर लाज घरी ठेवून दवाखान्यात यायचं.

आता जखमा वाळल्या आहेत. केस मात्र पुन्हा फुटताहेत आणि दोन्ही बाजूंनी टोचतात. सोयाबीन सोंगलेल्या वावरात खुंटांवरून अनवाणी चालल्यासारखं मी घरात फिरतो. पंचफुला गालातल्या गालात हसते आणि ताक आणून देते. नवी तारीख येत्या सोमवारची आहे. मी अगदी खंबीर आहे. धम्मरत्न रजा काढतो म्हणाला, त्याला मी रागावलो, म्हटलं लहानसं ऑपरेशन, कोणी यायची गरज नाही. भाभींना पुन्हा सलाम, गुडघ्याची काळजी घे.

तुझा बालमित्र,
पुंजाजी

ता. क. हे पत्र मुळात एका कामासाठी लिहिलं, ते सांगायचं राहिलंच. मला दोन सैल सुती चड्ड्या शिवून दे. इलास्टिक नको, नाडी घाल. माप तुझ्याकडे आहेच, त्यात लिंबाच्या जागी संत्रं धर.

ता. क. दुसरा. चड्ड्या बसच्या ड्रायव्हरकडे देऊ नकोस, हरवतील. दवाखाना तुझ्या गल्लीपासून चालत जाण्यासारखा आहे. सोमवारी सकाळी तूच घेऊन ये. माझ्याजवळ बस. तुला ऐकू येत नाही हे बरंच आहे, मला जे बडबडायचं ते बडबडता येईल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडून हे लिहितो. डॉक्टर 'आज ऑपरेशन नाही' म्हणाला ना, तेव्हा सगळे हळहळले आणि मला आत इतकं हलकं वाटलं की परतीच्या बसमध्ये मी त्याच चाकावरच्या सीटवर बसून झोप काढली. कय्यूम, मला भीती वाटते. कमरेतल्या सुईची, दिव्यांची, परत न उठण्याची. पंचफुलाला सांगितलं तर ती धीर देईल आणि मग मागच्या दारी जाऊन रडेल. काल सकाळी मोरीची कडी लावली आणि वस्तरा हातात घेतला. तिथे भादरण्यासारखं काही नव्हतं. जखमाच तेवढ्या नव्हत्या. पुन्हा दोन-तीन ठिकाणी कापलं की तारीख आपोआप पुढे जाईल, असा हिशेब मनात आला आणि मी वस्तरा परत फळीवर ठेवला. सोमवार अजून लांब आहे आणि फळी जवळ आहे. तू आधीच ये. रविवारी सकाळच्या गाडीने ये, वस्तरा तुझ्या पिशवीत टाक आणि मला सोबत घेऊन खामगावला चल. चड्ड्या शिवून झाल्या नाहीत तरी चालेल.