आमच्या घरातली कासिल्दाबाईंची खोली

प्रिय ग्वेनताईस,

नेरिसचा प्रेमाचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या आणि तुझा रक्तदाब ठिकाणावर असतील अशी आशा करते. आमचं विचारशील तर एम्लिनची पाठ बरी आहे, माझी झोप उडाली आहे आणि आमच्या घरात एक बाई राहते. (हे शेवटचं मी दोनदा खोडून पाहिलं. पण खोडल्याने बाई जात नाही.) धक्क्यातून सावरल्यावर सविस्तर लिहू असं ठरवलं होतं, पण सावरायला सवडच मिळत नाही, म्हणून तशीच बसले आहे.

स्पेनमधलं हे घर घेतलं तेव्हा मी तुला फोटो पाठवले होते. वरच्या मजल्यावर एक बंद दार होतं बघ. घर विकणारा ब्लास नावाचा गृहस्थ त्या दारापाशी आला की एकदम भरभर बोलायला लागायचा. माझं स्पॅनिश शिकवणीतलं. कोणी सावकाश बोललं तर कळतं, स्वतः बोलायची वेळ आली की जीभ अडते. त्यामुळे आम्ही दोघं नुसत्या माना डोलवायचो. एम्लिनला वाटलं, दार ओलीने फुगलंय. (आमची वेल्समधली सगळीच दारं फुगायची, तेव्हा उलट त्याला ते घरच्यासारखं वाटलं.) आगबोटींच्या प्रतिकृती करायला तीच खोली घ्यायची असं त्याने ठरवूनही टाकलं. फक्त आतून एक वास यायचा. 'उंदीर मेला असेल,' म्हणत तो रोज दाराच्या फटीतून अत्तर फवारायचा. माझं अत्तर, ताई!

राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. सामान लावून जीव मेटाकुटीला आला होता. मी खालच्या खोलीत परकरावर, गरम पाण्यात पाय सोडून बसले होते, समोर एम्लिन बटाटे सोलत होता. तेवढ्यात कुलपात बाहेरून किल्ली फिरली आणि काळ्या कपड्यांतली एक म्हातारी सरळ आत आली. आमच्याकडे पाहून म्हणाली, "अगं, दारात वारा आणि पाय पाण्यात? सर्दी होईल, पोरी!" (मी चौसष्टची आहे.) आणि गेली की जिना चढून वर! एम्लिनने खांदा लावूनही जे दार हललं नव्हतं, ते मुकाट्याने उघडल्याचं ऐकू आलं, मग खिडकी उघडली, मग गाणंसुद्धा सुरू झालं. थोड्या वेळाने ती खाली आली, म्हणाली, "वर कोणी अत्तर शिंपडतंय. माझ्या डुकराच्या मांडीला वास लागला तर बघा!" आणि जाताना बाहेरून कुलूप लावून गेली. आम्ही आत. एम्लिनच्या हातातला बटाटा सोलून सोलून गोटीएवढा झाला होता.

खिडकीतून उतरून मी पाववाल्या लेओकादियाकडे धावले. ती शांतपणे म्हणाली, "ती कासिल्दाबाई. ब्लासची बहीण. बापाने वाटणीत घर ब्लासला दिलं आणि ती खोली हिला. अख्ख्या गावाला ठाऊक आहे." मी कसंबसं म्हटलं, "मग आम्हाला कोणी सांगितलं नाही?" तर म्हणते, "तुम्ही विचारलंत कुठे?"

आता माझ्या नवऱ्याचा स्वभाव तुला माहीत आहे. चाळीस वर्षं बस चालवली, पण तिकीट नसलेल्या माणसाला एक थांबा पुढे नेलं नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं. मी नको नको म्हणत होते. कासिल्दाबाई आल्या, किल्ली फिरेना, परत गेल्या. एम्लिन म्हणाला, "बघ, मिटलं." थोड्याच वेळात त्या एक खुर्ची घेऊन आल्या आणि आमच्या दारासमोर विणत बसल्या. मग शेजारीण आपली खुर्ची घेऊन आली. मग लेओकादिया दुकान बंद करून आली. दुपारपर्यंत, ताई, सगळी गल्ली खुर्च्यांनी भरली! कोणी ओरडत नव्हतं, शिवी नाही, दगड नाही. नुसते बसले होते आणि आमच्या दाराकडे नाटक सुरू व्हायची वाट पाहावी तसे पाहत होते. एम्लिन पडद्याआडून बघून म्हणाला, "पोलिसांना बोलवू." मी म्हटलं, "बोलव की. गावचा पोलीस हिरवी खुर्ची घेऊन दुसऱ्या रांगेत बसलाय."

संध्याकाळी डोंगरावरचा गार वारा सुटला. कासिल्दाबाईंनी शाल कानांवरून ओढून घेतली, पण हलल्या नाहीत. त्यांची बोटं गारठून टाके चुकत होते ते मला वरून दिसत होतं. मला ते पाहवेना. एम्लिनला न विचारता मी दार उघडलं. माफी मागायची होती, पण माफीचं स्पॅनिश आठवेना. शेवटी शिकवणीच्या पहिल्या धड्यातलं, पाहुण्यांना म्हणायचं एकच वाक्य आठवलं, तेच मोठ्याने म्हटलं: "या, हे तुमचंच घर आहे!"

ताई, सगळे उठले. सगळे आत आले. खुर्च्यांसकट.

कासिल्दाबाईंनी वरून ती मांडी आणली. मेलेला उंदीर म्हणजे हीच, मीठ लावून वर्षभर वाळत टांगलेली! त्यांनी तिचे कागदासारखे पातळ काप काढले. पहिला एम्लिनला दिला. त्याने डोळे मिटून खाल्ला, मग दुसरा मागितला, मग स्वतः उठून नवीन कुलपाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्याचे डोळे ओले होते. (मांडीवर मीठ जास्त होतं, असं तो अजून सांगतो.)

तेव्हापासून बाई रोज येतात. आणि थंडी पडल्यावर तर राहायलाच आल्या, कारण आमच्या चुलीचं धुराडं त्यांच्या भिंतीतून जातं आणि खोली उबदार राहते. त्यांनी माझी भांडी हलवली, एम्लिनच्या आगबोटी खिडकीतून काढून गच्चीत नेल्या आणि माझ्या भाजीला 'आजाऱ्याचं जेवण' असं नाव दिलं. असं जगता येत नाही, ताई. आमच्यासाठी तिकडे एखादं लहानसं घर बघ. आम्ही परत येतो.

तुझी गोंधळलेली बहीण,
नेरिस

ता. क. घर बघू नकोस. काल कासिल्दाबाई भाचीकडे एक दिवस राहिल्या, तर एम्लिन तीनदा दारात जाऊन रस्ता पाहून आला. मीसुद्धा.

ता. क. २. आता खरं काय ते लिहिते. आज सकाळी एक सभ्य गृहस्थ टोपी हातात घेऊन आले. गावचे निवृत्त शिक्षक, एर्मिनियो मास्तर, विधुर. मधमाश्या पाळतात. दात स्वतःचे आहेत. त्यांनी फार संकोचाने सांगितलं की घर आमचं, खोली बाईंची, पण मधला जिना त्यांच्या आईच्या वाटणीतला, म्हणजे त्यांचा आहे. कासिल्दाबाई म्हणतात, यावर एकच उपाय, सोयरीक. भावोजींना जाऊन बरीच वर्षं झाली. ईस्टरला येऊन एकदा जिना तर बघून जा.