सांचिनमधला श्वास

शिरूर
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मारुतराव सर,
नमस्कार.

"शैली श्वासात असती पोरी, हातात न्हाई." दौंडच्या कराटे क्लासमध्ये पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आता चव्वेचाळीस. काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे थंडी पडायला लागली आहे. मंगल कार्यालयाच्या फरशीवर सकाळी पाय ठेववत नाही, तरी एकवीस मुली येतात.

रविवारी दौंडला होणाऱ्या बेल्टच्या परीक्षेची यादी सोबत आहे. हर्षदाचंही नाव आहे. गेल्या मंगळवारी सांचिन करताना ती पडली, हे कानावर आलंच असेल. उपाशी होती. आता बरी आहे.

तुम्ही दरवर्षी सांगायचात ती गोष्ट आता मी सांगते. ओकिनावा बेटावरच्या नाहा गावचा एक तरुण बोटीने चीनला गेला, वर्षानुवर्षं गुरूजवळ राहिला आणि सांचिन, म्हणजे श्वासावर चालणारा हा काता, हातापायांच्या ठरलेल्या हालचाली, शिकून परत आला. तेव्हा त्यात पंजे उघडे असत. पुढे शाळेतल्या मुलांना शिकवायची वेळ आली आणि पंजांच्या मुठी झाल्या. त्याच्या शिष्याने शैलीला नाव दिलं गोजू, म्हणजे कठीण आणि मऊ. मग जपान, मग मुंबई, आणि मुंबईहून तुम्ही. मुली विचारतात, "हात बदलले, मग श्वास?" मी म्हणते, "श्वास तोच." हल्ली हे म्हणताना मी त्यांच्याकडे पाठ करून रांग लावायला वळते.

सर, हर्षदा उपाशी नव्हती. दोन भाकरी खाऊन आली होती. पोट आवळून, घशातून घरघर काढत ती श्वास कोंडून धरत होती. तुम्ही मला शिकवलंत, मी तिला. तिचे ओठ काळे पडताना मला दिसले. तरी खांद्यावर थाप मारून मी म्हणाले, "अजून धर." मग ती कोसळली. ती डोळे उघडेपर्यंत मी मनात आकडे मोजत होते. बावीसपर्यंत आले होते.

डॉक्टरांना उपासाचं मीच सांगितलं. तिची आजी साखरबाई बाकावर बसली होती. म्हणाली, "बाई, पोरगी श्वास तर आधीच घेत व्हती. तुम्ही आन् काय शिकीवलं?"

एक गोष्ट मी तीस वर्षं बोलले नाही. एकदा तुम्ही मला तुमच्या बॅगेतून टॉवेल आणायला पाठवलं होतं. टॉवेलखाली एका पुस्तकाची झेरॉक्स होती. सांचिनचे फोटो, हातापायांना बाण, आणि समासात तुमच्या पेन्सिलीने लिहिलेलं, 'इथे श्वास कसा?' पानोपानी तेच. मुंबईच्या गुरूंकडे तुम्ही सांचिनपर्यंत पोचलाच नव्हतात. फोटोत श्वास दिसत नाही. तो तुम्ही मनाने भरलात.

मला राग आला नव्हता. गावात मुलींना शिकवणारे तुम्ही एकटे होतात. हे कुणाला कळलं तर मला सर उरणार नाहीत, एवढीच भीती वाटली. मी टॉवेल आणून दिला.

काल हर्षदाला म्हटलं, श्वास मोकळा सोडत जा. ती हसली. "मॅडम, तुमचंच चुकत असंल. सरांचा श्वास ओकिनावाचा हाय." यादीतून तिचं नाव काढलं तर ती न्हावऱ्यावरून एसटीने एकटी दौंडला येईल. आणि माझ्यासमोर धरला त्याहून जास्त वेळ तुमच्यासमोर धरेल. मीही धरायची. आता दुपारी डोळा लागला तरी तिचे ते ओठ दिसतात.

म्हणून मागते आहे. रविवारी परीक्षेआधी मुलींना समोर बसवून सांगा, की हा श्वास तुम्हाला कुणी शिकवला नव्हता. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती सोडणार नाही.

तुम्ही नाही म्हणाल. "सांचिन व्हनारच," म्हणून फोन ठेवून द्याल. ते मी गृहीत धरलं आहे. तरी सांगा, सर.

अजूनही तुमचीच विद्यार्थिनी,
अनुपमा