फुकट दिलेला ठोका

सेलू
ता. १३ एप्रिल, सोमवार

डोमाजीभाऊस,

भागीरथेचा पाया पडून नमस्कार. वयनीलेही सांगजो. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी लिहीत नाई, कारण ठीक नाई. पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाई. तब्येती बऱ्या आहेत.

फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर तू मले बोलूच देत नाई. मी एक म्हटलं का तू चार म्हणतो अन् ठेवून देतो. कागदाच्या मधात कोणाले बोलता येत नाई. चौथीपर्यंतच शिकली, अक्षर वाकडं आहे, वाचून घेजो. शेजारचा प्रेमदास उद्या टेम्पो घेऊन कारंज्याले येऊन राह्यला, त्याच्या हाती देते.

गजेंद्रच्या लग्नाची तयारी कुठवर आली? पोरगा एवढा मोठा झाला कधी, समजलंच नाई. माझी साडी घेऊन झाली, वयनीची मी नागपूरहून बोलावली, रंग तिले आवडीन. हर्षाच्या बाबाचा गुडघा दुखून राह्यला, पण ते येतीन.

एक विचारायचं होतं. वरातीले डीजे कोणाचा सांगितला? कोणते गाणे वाजवायचे ते तू ठरवलं का पोराइवर सोडलं? नुसता बँड सांगितला असता तं काय बिघडलं असतं?

बरं. सांगूनच टाकते.

हर्षा घरी गाणे बनवते, तुले माहीत आहे. तूच तिले 'स्टुडिओवाली' म्हणून चिडवतो. कापूस ठेवायच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून तिनं भिंतीले रजया टांगल्या, आजूबाजूच्या गावच्या बायांचे भजनी मंडळ येते, ती त्याइचा आवाज भरते अन् मग कंप्युटरवर ताल बसवते. तो ताल तिथं कोणी वाजवत नाई. इंटरनेटवर ठोक्याचे तुकडे भेटते, लूप म्हणतात त्याले. एवढासा तुकडा, मशीन तोच पुन्हा पुन्हा जोडत राह्यते अन् त्याच्यावर गाणं चढवायचं. चांगले लूप महाग, आपल्याले झेपत नाई. फुकटाचे घेतले तं सगळे पंजाबी ढोल. केळझरच्या बाया गणपतीचं भजन म्हणून राह्यल्या अन् मागं भांगडा! मी म्हटलं, "हे काय लावलं वं? भजन आहे का कोणाची वरात?"

ती रडकुंडीले आली. "आई, पूर्ण इंटरनेट पाहून झालं. आपल्या खंजेरीचा लूप कोणापाशीच नाई."

खंजेरी म्हटल्यावर मले दुसरं कोण आठवणार?

मागच्या गणपतीत केळझरच्या देवळात तू वाजवत होता तवा मी मोबाइल धरून समोर बसलती. तू विचारलं, "फोटो काढून राह्यली का?" मी हो म्हटलं. फोटो नव्हता, भाऊ. आवाज भरत होती. विचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं, म्हणून नाई विचारलं.

हर्षानं त्यातला तुकडा कापला. भजन त्याच्यावर असं बसलं का बाया एकमेकींकडं पाहत राह्यल्या. मग पोरीच्या मनात आलं, आपल्याले भेटला नाई म्हणून आपण किती हिंडलो, दुसऱ्या कोणाले तरी कामी पडू दे. तिनं तो नेटवर टाकायले घेतला. तिथं विचारते, पैसे किती लावायचे, अन् कोणत्या कामाले वापरू द्यायचा. ती मले विचारायले आली. मी पोळ्या करून राह्यलती. म्हटलं, "मामा भजनाचा नारळ सोडून काही घेत नाई, आपण पैसे लावणारे कोण? फुकट टाक. अन् फुकट द्यायचं तं मग अटी कशाले?" तिनं 'कोणीही, कशालेही' असं जिथं लिहिलं होतं तिथं बोट दाबलं.

तुझा नेम मोडू नये म्हणून केलं, भाऊ. त्याच नेमानं घात केला. थोडे पैसे लावले असते, देवाच्या गाण्यालेच वापरा असं लिहिलं असतं, तं आज कोणाले तरी हटकता आलं असतं.

तो तुकडा एका पोरानं घेतला अन् त्याच्यावर गाणं केलं. दारूचं अन् बाईच्या कमरेचं आहे, शब्द मी लिहीत नाई. हायवेच्या ढाब्यावर तेच, प्रत्येक लग्नात तेच. खाली तुझी खंजेरी. ठोका पालटला का तुझ्या हातातलं कडं खंजेरीच्या लाकडाले लागते, तेही तसंच वाजते. मी पहिल्यांदा बाजारात ऐकलं. वांगी निवडून राह्यलती, तशीच टाकून घरी आली.

हर्षानं त्या पोराचा नंबर शोधला, फोन मी केला. ते पोरगं म्हणते, "काकू, फ्री होतं, कशालेही चालते लिहिलं होतं. चोरी थोडीच केली?" मी लय बोलली त्याले. त्यानं ऐकून घेतलं. वरून म्हणते, "वाजवणाऱ्या काकाइले नमस्कार सांगजा, असा हात मी ऐकला नाई." आता याले काय शिव्या देऊ? हर्षानं तुकडा नेटवरून काढला, पण जे लोक घेऊन गेले त्याइच्यापासून परत येत नाई म्हणते.

परवा वयनी फोनवर हसत हसत सांगत होती, गजेंद्रच्या दोस्ताइनं डीजेवाल्याले तेच गाणं दोन डाव वाजवायले सांगितलं म्हणून. तिले काय माहीत! तुझ्या वरातीतलं तू बंद करशील, भाऊ. पण लगनसराई आहे. शेजारच्या मांडवातलं कसं बंद करशील? तुझ्या कानावर येणारच. म्हणून माझ्या तोंडून ऐक.

अन् आणखी एक आहे. त्याच्यात मीही आहे. तू रंगात आला तवा मी ओरडलती, "हाण भाऊ!" ते ठोक्यात असं गुंतलं का हर्षाले कापता नाई आलं. आता कमरेच्या त्या ओळीच्या आधी दर डाव मी ओरडते. पूर्ण जिल्ह्यात ओरडून राह्यली. समोरची रुख्मिणी म्हणते, "भागीरथाबाई, काल ढाब्यावर तुमचं गाणं लागलं होतं!" मी तिच्या घरी जाणं सोडलं. ठोका एखाद्या डाव तुले ओळखू नाई येणार, बहिणीचा आवाज कसा नाई येणार?

मागं एकदा भजनाच्या मांडवात एक जण पिऊन आला अन् तुझ्या खंजेरीले हात लावला, तवा तू ती खुंटीले टांगली अन् वर्षभर उतरवली नाई. वयनी म्हणे, त्या वर्षी तू घरात कोणाशी धड बोललाच नाई. आता तं सगळे पिणारे तिच्यावर नाचून राह्यले. आता किती वर्षं टांगशील? मले त्याचीच भीती आहे. जेवण गोड लागत नाई, झोप नाई.

खरं सांगू? बाजारात ऐकलं तवा शब्द कानात शिरायच्या आधी मले घडीभर बरं वाटलं होतं. माझ्या भावाचा हात आहे, म्हणून. हे मी हर्षालेही सांगितलं नाई.

पोरीनं भिंतीच्या रजया काढून टाकल्या. दोन मंडळं आली तशीच परत गेली. म्हणते, "मामाले तोंड कसं दाखवू? मी लग्नाले येत नाई." राग काढायचा तं माझ्यावर काढ. मोबाइल मी धरला, फुकट टाक मी म्हटलं. पोरीनं तं विचारलं होतं. अन् खंजेरीनं तं काहीच केलं नाई.

उत्तर लिहू नको. तुले लिहायचा कंटाळा अन् मले वाट पाहायचा. शनिवारी हळदीले सकाळच्या गाडीनं मी हर्षाले घेऊन येते. ओढून आणीन, पण आणीन. तुले बोलायचं नसेल तं नको बोलू, लग्नघराच्या गडबडीत कोणाले समजणार नाई. फक्त आम्ही उन्हातून आलो का पोरीच्या हातात पाण्याचा गिलास तू दे. वयनीच्या हाती पाठवला तं मी समजून जाईन. मग अक्षता पडल्या का आम्ही मायलेकी जेवायले न थांबता निघून जाऊ.

तुझी बहीण, हे तं तुले बदलता येत नाई,
भागीरथा