आम्ही नाही, आपण

शुक्रवार, संध्याकाळ

"आम्ही नाही, आपण म्हणा," अप्पांनी मला इथल्या मराठी मंडळाच्या भर सभेत थांबवलं. मी ठराव वाचत होतो: वाचनालयात आम्ही कन्नड पुस्तकंही ठेवू. कन्नडात दोन्हींना एकच 'नावु', आणि मी या कन्नड मुलखातच वाढलो, म्हणून माझी जीभ चुकते.

अप्पा अध्यक्ष, आणि त्यांचाच विरोध. तरी सगळ्यांना बोलू देऊन शेवटी बोलले, आणि हरले. आमची मुलं आता कन्नडच वाचतात. ठराव पडला असता तर वाचनालयही बंद पडलं असतं.

"अप्पा, आता रुसणार काय?" सुमाअक्कांनी चिडवलं.

"आपण ठरवलं की. त्यात मी आलोच."

हरल्यावर मला म्हणता आलं असतं, आपण?

शनिवार. सकाळी अप्पा माझ्याआधी आले होते. दाराजवळचं कपाट त्यांनी कन्नड पुस्तकांसाठी रिकामं केलं.