हिरवी पाटी

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादा आज न थांबता तीन फेऱ्या पळाला! जानेवारीत हृदयात स्टेंट बसवून घरी आला तेव्हा एक जिना चढायला चारदा टेकायचा. आज मैदानाच्या तीन फेऱ्या! दारातूनच ओरडत आला. वहिनी म्हणाली, "मोठा पराक्रम. आधी ते बूट बाहेर काढा."

त्याचा क्रम ठरलेला. उठायचं, खिडकीतून मैदानाच्या फाटकावरची पाटी बघायची. वर दिव्यांचा आकडा, खाली रंग. हिरवा दिसला की मला ऐकू येईल असं म्हणायचं — "शास्त्रज्ञबाई, तुमची हवा पास. निघतो." शास्त्रज्ञ कसली! हवा मोजणाऱ्या खात्यात साधी टेक्निशियन. मशीनची गाळणी बदलते, नळी साफ करते, झालं. पण त्या पाटीला आकडा पुरवणारं मशीन माझ्याकडे आहे, आणि ते आत्ता कुठे उभं आहे हे फक्त मलाच माहीत आहे.

मी पावाला लोणी लावत होते. मान वर केली नाही.

५ नोव्हेंबर

शनिवारी मशीन परत पुढे लावायचं. नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाही लावलं.

निदान इथे तरी खरं लिहावं. मशीनची जागा मैदानाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर. तिथून दिवसभर ट्रक नि बस धूर सोडत जातात. मार्चमध्ये ती भिंत रंगवायला काढली, म्हणून चार दिवसांसाठी मी मशीन मागे रोपवाटिकेच्या शेडवर नेलं. भिंत वाळली. मशीन तिथेच राहिलं. कोणाचा हुकूम नव्हता, कोणाचा दबाव नव्हता. रस्त्याकडे गाळणी तिसऱ्या दिवशी काळीकुट्ट व्हायची, दर वेळी शिडी लावा, चढा, पुसा. मागे पंधरा-पंधरा दिवस बघावं लागत नाही. आळस! साधा, घरगुती आळस.

मग आकडे सुधारले. साहेब खूश. "तुमच्या भागातली हवा सुधारली हो!" ऑक्टोबरमध्ये मला प्रशस्तिपत्रक. मी उठले, हसले, फोटोही काढू दिला. दादाने ते चौकट करून आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात लावलंय. तो घड्याळ उघडून बघेपर्यंत गिऱ्हाईक माझं नाव वाचत बसतं. एवढं झाल्यावर मशीन पुढे आणायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड काळं करायचं.

आज सकाळी सातला हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन गेले. रोपवाटिकेत चव्वेचाळीस. रस्त्याकडच्या वळणावर एकशे ऐंशी. थंडीच्या दिवसांत सकाळी धूर वर जातच नाही, जमिनीला धरून बसतो. पुन्हा मोजलं. एकशे शहाऐंशी. तेवढ्यात त्याच वळणावरून दादा गेला, तोंड उघडं, धापा टाकत. मला बघून हात हलवला.

मीही हलवला!

११ नोव्हेंबर

दादाला खोकला. छातीत जळजळतं म्हणतो. पण खुशीत! म्हणे, व्यायाम अंगाला लागतोय. वहिनी म्हणाली, "दोन दिवस घरी बसलात तर मैदान पळून जाणार नाही." तर हा म्हणतो, "पाटी हिरवी असताना?"

मी काय केलं? ऑफिसातला चांगला मास्क आणून दिला. "पळताना लाव." तो हसून हसून खोकला. "हे लावून पळालो तर लोक समजतील दरोडा घालून चाललाय."

संध्याकाळी जात जा म्हटलं. दुकान कोण बघणार? घरातल्या घरात चाल म्हटलं. वहिनी म्हणाली, "माझ्या पायात पायात? नको बाई." सगळं सुचवून झालं. एकच वाक्य तेवढं जिभेवर येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज शाळेत भाषण होतं. खातं मलाच पाठवतं. तक्ते लावले आणि घडाघडा बोलले — पळताना माणूस बसल्या वेळेच्या कित्येक पट हवा ओढतो. तोंडाने ओढतो, म्हणजे नाकाची गाळणी चुकते. बारीक काजळी खोल फुफ्फुसात जाते, काही रक्तातही उतरते. ज्याचं हृदय दुखावलेलं आहे, ज्याला दमा आहे, त्याने फार जपायचं. व्यायाम सोडायचा नाही, पण जागा आणि वेळ बघायची.

खेळाच्या बाई शेवटी म्हणाल्या, "आम्ही मैदानावरची पाटी बघूनच मुलींचा सराव घेतो. तुमचा फार आधार आहे."

चहा घेतला नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

१५ नोव्हेंबर

दादा आता चार फेऱ्या म्हणतोय. उद्या बोलते.

१६ नोव्हेंबर

पाहुणे आले. राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दादा दवाखान्यात.

पावणेआठला मैदानाच्या रखवालदाराचा फोन. रस्त्याकडच्या वळणावर खाली बसला होता, छातीवर मूठ आवळून. ओठ निळे. मी घरात किल्ली शोधत राहिले. वहिनी मात्र चपला न घालता रस्त्यावर, रिक्षा थांबवून उभी.

मोठा झटका नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तवाहिनी आखडली होती, वेळेवर आणलंत. मग त्याला विचारू लागल्या. कुठे पळता? रस्ता जवळ आहे का? सकाळी धूर असतो का? नाकात ऑक्सिजनची नळी, आवाज कसाबसा निघत होता, तरी दादा म्हणाला, "हवा बघूनच जातो, डॉक्टर. आमच्या बहिणीचं मशीन आहे." आणि माझ्याकडे बोट केलं. अभिमानाने!

डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग प्रश्नच नाही. दुसरं कारण शोधू."

मी तेव्हाही गप्प! डॉक्टर चुकीच्या वाटेला लागताहेत, भाऊ समोर पडलाय, आणि मी मूग गिळून उभी. दहा मिनिटांनी त्यांच्यामागे धावत गेले. जिन्यात गाठून सांगितलं — तिथली हवा वाईट आहे, खूप वाईट, आकडा खरा नाही. त्या थांबल्या. "फक्त हवेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण असल्या हृदयाने, असल्या हवेत, रोज पळणं..." मान हलवून वर गेल्या.

२० नोव्हेंबर

पहाटे शिडी घेऊन एकटीच गेले. मशीन परत रस्त्याकडच्या भिंतीवर. अर्धा तास लागला. अर्धा तास! एवढ्यासाठी आठ महिने.

सातला पाटी लालभडक झाली. पळणारे थांबून बघत होते. एकजण म्हणाला, "बिघडली वाटतं." साहेबांचा फोन — "मशीन बिघडलंय का?" म्हटलं, "आत्ता नीट झालंय." लेखी खुलासा मागितलाय. लिहिलं, 'रंगकामाच्या वेळी हलवले, नजरचुकीने परत बसवणे राहून गेले.'

२३ नोव्हेंबर, रविवार

दादा काल घरी आला. आज वहिनी औषधं आणायला गेली तेव्हा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. भिंत, शेड, गाळणी, प्रशस्तिपत्रक. रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले.

वाटलं होतं, चिडेल. लहानपणी त्याची सायकल पाडली तेव्हा कान पिळला होता, तसं काहीतरी करेल. त्याने फक्त विचारलं, "मार्चपासून?"

"हो."

"म्हणजे मेमध्येपण?"

मला कळलं तो कोणाबद्दल विचारतोय. खालच्या मजल्यावरचे सुतारकाका. दादाचा शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर लाकडाचा भुसा खाऊन दमा झालेला. मेमध्ये मैदानावरून आले, दुपारी दम लागला, संध्याकाळी गेले. सगळे म्हणाले, दमाच तो, कधीतरी गाठणारच. मीही तेच म्हणत राहिले. त्याच्या पलीकडे विचार जाऊच दिला नाही.

दादा म्हणाला, "त्याला यायचं नसायचं. मीच रोज जिन्यातून हाक मारायचो. पाटी हिरवी आहे, चल, आळशीपणा करू नकोस."

मग भिंतीकडे तोंड करून पडला. वहिनी आली तर म्हणाला, झोप येतेय.

२४ नोव्हेंबर

खुलासा परत मागून घेतला. 'नजरचुकीने' खोडलं, 'आळसाने' लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचला. चौकशी होणार. होऊ दे. घरी येताना इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनीने आत्ता सांगितलं. काल मी ऑफिसात असताना दादा जिना उतरून सुतारकाकूंकडे गेला होता. त्यांना म्हणाला, "पाटी खोटी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी त्याला ओढून नेलं." माझं नावसुद्धा काढलं नाही. काकूंनी त्याला दाराबाहेर काढलं. पुन्हा तोंड दाखवू नका म्हणाल्या.

वहिनीलाही ते खरंच वाटतंय. भाजी चिरता चिरता म्हणाली, "तीस वर्षं संसार केला गं. असला माणूस आहे हे मला कळलंच नाही."

उठते. आधी तिला सांगते. मग खाली जाते.