बारावा थर

११ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे
खिडकीची काच पुसत होतो, तेव्हा समोर अख्खं तळं दिसलं. नोकरी मिळाली, वर तळ्याकाठी दोन खोल्याही! दहावीत गटांगळी खाल्लेल्याला आणखी काय हवं? ताईला लगेच फोन केला, बाळाला घेऊन राहायला ये म्हणून. काम सोपं आहे. नावाडीकाका नाव नेतात, मी तळाच्या गाळात लांब नळी रोवून वर काढतो. गाळाचा दरवर्षी एक थर बसतो. जाड वाळूचा थर म्हणजे त्या वर्षी महापूर. हल्ली पूर लवकर लवकर का येतात, हेच मॅडमचं संशोधन.

१३ ऑक्टोबर
आज नळी उभी चिरली. अकरा वर्षांपूर्वीच्या वणव्याची काळी राख गाळात स्पष्ट दिसते. तिच्यावर अकरा थर हवेत. बारा निघाले. सगळ्यात वरचा वीतभर वाळूचा. मॅडमनी विचारलं, एवढा पूर येऊन गेला आणि आपण झोपलो होतो का? त्यांच्या मते माझ्या हातून काठाची वाळू नळीत गेली. मी नळी दोनदा धुतली होती.

१४ ऑक्टोबर
नवी जागा, नवी नळी. पुन्हा बारा. काका मला चिडवून मास्तर म्हणतात. म्हणाले, मास्तर, तळ्याला पुढच्या सालाची घाई झालीय. मॅडम हसल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर
वरची वाळू चाळली. त्यात हिरवं बटण, पिवळ्या दोऱ्यासकट. दोरा तुटलेला नाही, कात्रीने सरळ कापलेला. बाळाच्या पांढऱ्या स्वेटरला असंच बटण मीच लावलं होतं. घरात पिवळाच दोरा होता, म्हणून त्याच दोऱ्याने.
ताईला फोन केला. बटण जागेवर आहे, बाळ तेच चोखतंय म्हणाली. येऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, "भित्र्या, बसमध्ये बसलेय मी."

१६ ऑक्टोबर, सकाळी
ताई आली. मागोमाग डोंगरात ढगफुटी. एवढा पाऊस आजवर मोजलाच नव्हता, असं मॅडमनी फोनवर सांगितलं. पूल बंद.
स्वेटरवर बटणच नसलं, तर ते तळ्यात जाईल कसं? ताईची नजर चुकवून कापलं. खिशात ठेवलं.

दुपारी
पायरीला पाणी. खिशातलं बटण काढून पाहिलं. दोरा सरळ कापलेला— कात्री माझीच होती—
म्हणजे ते बाळाच्या अंगावरून नाही, माझ्या खिशातून—
नाव आली, गच्च भरलेली. ताई आणि बाळ कशीबशी मावली. ताई माझा हात सोडेना. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. काका म्हणाले, "मास्तर, परत येतो."

पाणी उंबऱ्यावर. टेबलावर चढून लिहितोय. बटण फेकून द्यावं— पण कुठे? खिडकीतून, दारातून, जिकडे बघावं तिकडे तळंच—

मुठीत धरलंय. काकांचा आवाज आल्यासारखा—